बिडाचा नांगर आणि वाडीचे लक्ष्मणराव

आमच्या घरात लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उल्लेख दोन तऱ्हांनी व्हायचा. आबा म्हणायचे 'मालक', आणि आजी म्हणायची 'रामूअण्णांचं धाकलं भाऊ'. आबा किर्लोस्करवाडीच्या फाउंड्रीत मोल्डर. सारी हयात बिडाच्या रसापुढं गेलेली, तेव्हा त्यांच्या लेखी तो माणूस मालकच. आजीचा हिशेब मात्र नात्यांचा. कोण कुणाचा कोण, हे कळल्याशिवाय तिला माणूस कळायचाच नाही. आज दोघंही नाहीत, आणि मला वाटतं, आजीचंच खरं होतं. लक्ष्मणरावांनी वाडीत आधी घर मांडलं, आणि त्या घरातून कारखाना वाढला.

रात्रीची जेवणं झाली की आबा ओट्यावर पान लावायला बसायचे. अडकित्त्यानं सुपारी कातरता कातरता बेळगावच्या सायकलींपासून सुरुवात करायचे आणि आमच्या व्यालेल्या म्हशीवर येऊन थांबायचे. त्यातलं किती त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं, किती त्यांच्या वडलांकडून ऐकलेलं आणि किती वाडीच्या पारावरचं, हे मला आता निवडून काढता येत नाही. तारखा तेवढ्या मी पुढं पुस्तकं वाचून जागेवर बसवल्या.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर त्याच गावचे. आजीच्या माहेरी नाटकाचं वेड, त्यामुळं तिला या गोष्टीचं भारी अप्रूप. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक, आणि मुलाचा ओढा सगळा चित्रांकडे नि यंत्रांकडे. १८८५ मध्ये हा मुलगा मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेला. दोनेक वर्षांनी ध्यानात आलं, की आपल्याला काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथं संपलं. पण रेघ चोख होती. ते यंत्रांची ड्रॉइंगं शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवायला लागले.

हे सांगताना आबा हटकून थबकायचे. फाउंड्रीत रस ओतायची वेळ झाली की नाही, हे मोल्डर डोळ्यांनी ठरवतो. लाल, नारिंगी, मग पिवळट पांढरा. रंग चुकला तर कास्टिंग फुकट. "आमी रंग बघून पोट भरलं," आबा म्हणायचे, "आन् ज्येनं भट्टी घालून दिली त्येला रंगच दिसत न्हवता." यात त्यांना फार मोठं काहीतरी जाणवायचं. ते काय, हे त्यांनी कधी फोड करून सांगितलं नाही. सुपारी तोंडात टाकून गप्प बसायचे.

मुंबईच्या त्या नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली. १८९७ मध्ये राजीनामा देऊन ते बेळगावला आले. तिथं रामूअण्णा होतेच. दोघा भावांचं सायकलीचं दुकान १८८८ पासूनचं. धाकटा मुंबईहून माल धाडणार, थोरला बेळगावात खपवणार. त्या काळी सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये, आणि चालवायला शिकवायचे पंधरा रुपये वेगळे! आबा हा पंधराचा आकडा एवढ्या कौतुकानं सांगायचे, की मला लहानपणी वाटायचं, किर्लोस्करांचा सगळा पैसा सायकल शिकवण्यातच मिळाला.

पैसा मिळाला तो पुढं, आणि तोही लवकर नाही. सायकली विकत घेणारे मोजके, शेतकरी गावोगाव. लक्ष्मणरावांनी आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर. आमचं घर त्यांच्या गोष्टीत शिरतं ते इथं.

आमच्या बाजूची कृष्णाकाठची काळी ज्यांनी नांगरली आहे त्यांना सांगायला नको. हरळी आणि कुंदा एकदा मुरला की वरवरच्या तासानं हलत नाही. लाकडी नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत. एका घरी एवढे बैल कुठले? मग वारंगुळा. तुझी जोडी आज माझ्या रानात, माझी उद्या तुझ्या. उन्हाळ्यात नांगरट निघाली की भाऊकीतली भांडणं तेवढ्यापुरती मिटत, कारण बैलांशिवाय कुणाचंच भागत नसे. एवढं करून लाकडी नांगर माती फाडायचा, उलथायचा नाही. बिडाच्या नांगरानं ढेकूळ पालथं पडे, हरळीच्या काशा उन्हावर येत आणि वैशाखात वाळून जात. बैलही कमी लागत. विलायती नांगर मिळत होते, पण ते महाग, जड, आणि मोडले तर सुटा भाग आणायचा कुठून?

इतका सगळा फायदा असून पहिले नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षं लागली. लोकांची समजूत अशी, की लोखंड लागलं की जमीन नासते. आमचे पणजोबा, त्यांना सगळे तात्या म्हणत, त्यांचंही मत तेच. "आरं, लोखंड घातलं की जिमिनीत इख उतरतं." पिढ्यान्‌पिढ्या लाकडावर पोसलेली जमीन, माणूस घाबरणारच. मी तात्यांना अडाणी म्हणणार नाही. ज्याच्याकडं एकच रान आहे, त्याला ते पणाला लावता येत नाही.

तात्यांच्या सासुरवाडीला एका बागायतदारानं नांगर घेतला. तो बघायला म्हणून तात्या गेले ते दोन दिवस तिथंच राहिले. तासात उतरून कोपरापर्यंत हात घातला म्हणे. परत आल्यावर जेवताना कुणाशी बोलले नाहीत. पुढल्या उन्हाळ्यात चुलतभावाशी निम्मी भागी करून नांगर घरी आला. कुठल्या सालची ही गोष्ट, यावर आबांचं आणि त्यांच्या थोरल्या बहिणीचं शेवटपर्यंत जमलं नाही. आबा म्हणायचे, लढाईच्या आधी. थोरल्या आत्या म्हणायच्या, प्लेगातून माणसं घरी आली त्या साली.

शाळू मात्र त्या वर्षी पुरुषभर उंच आला, यावर दोघांचं एकमत. धान्य घरात आलं, जात्यावर दळलं, आणि पणजीनं पहिली भाकरी थापली. ती तिनं कुणाला वाढली नाही. कच्चं करडईचं तेल, तिखट नि मीठ घेऊन एकटीच चुलीपुढं बसून खाल्ली. मग रात्रभर थांबली. सकाळी उठली, अंगण झाडलं, बरी आहे असं बघितलं आणि मग साऱ्या घराला भाकऱ्या केल्या. थोरल्या आत्यांच्या सांगण्याप्रमाणं हे करणारी पणजी नव्हे, तिची जाऊ. कुणी का असेना. लोखंडी नांगर महाराष्ट्रात कसा रुजला हे लिहिताना मंडळी लक्ष्मणरावांच्या चिकाटीबद्दल लिहितात आणि ते योग्यच आहे; पण घरोघरच्या अशा बायकांनीही तो रुजवला असणार, याची मला खात्री आहे.

इकडं बेळगावात कारखाना जरा मार्गी लागतोय, तोच नगरपालिकेनं शहरवाढीसाठी जागा सोडायला सांगितली. लक्ष्मणराव त्या सुमारास औंधला यमाईच्या देवळाच्या सभामंडपाचं काम करत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रं काढणारे, कीर्तनं करणारे, सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेले. त्यांनी आपल्या संस्थानातली कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये कर्ज देऊ केलं. जमीन कसली, नुसता निवडुंगाचा माळ. साप इतके, की आमच्या गावचे गुराखी जनावरं तिकडं वळवत नसत. १० मार्च १९१० ला तिथं कारखाना आला. सोबत पंचवीस कामगार, आणि त्यांचे संसार.

आजीनं पकडलेलं मर्म या संसारांत होतं. कारखाना काढायचा तर माणसं एकटी येतात, बायकापोरं गावी राहतात. इथं बायका, म्हाताऱ्या, पाळण्यातली लेकरं, सगळी त्या माळावर झोपड्यांत येऊन राहिली, आणि मालकाचं कुटुंबही त्यांच्यातच. निवडुंग तोडायचा, साप मारायचे, विहीर खणायची, रस्ते आखायचे, झाडं लावायची. वसाहतीचा सगळा कारभार रामूअण्णांकडं. लक्ष्मणरावांचं लक्ष यंत्रात, थोरल्या भावाचं माणसांत. घरात एक भाऊ कमावता आणि दुसरा सांभाळता असला की घर कसं चालतं, हे ज्यांनी मोठ्या कुटुंबात दिवस काढलेत त्यांना ठाऊक आहे. पुढं स्टेशनाचंच नाव किर्लोस्करवाडी झालं. तात्यांच्या पिढीतली म्हातारी माणसं मात्र अखेरपर्यंत 'कुंडल रोडला जाऊन येतो' असंच म्हणत.

माणसं जमवण्याची त्यांची रीत आबांना फार भावलेली. शिक्का बघून माणूस घेतला नाही. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर यंत्रांतलं डोकं ठरले. हिशेब आणि कचेरी मंगेशराव रेग्यांनी धरली. शंभुअण्णा जांभेकर पडेल ते काम अंगावर घेत. आणि रात्रीच्या राखणीला कोण? तर तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघंही शिक्षा भोगून आलेले! सरकारदरबारी ज्यांच्या नावापुढं गुन्हेगार लिहिलेलं, त्यांच्या हाती लक्ष्मणरावांनी वाडीची रात्र सोपवली. वसाहतीत शिवाशीव पाळायची नाही, हा तर नियमच होता. हे सारं १९१० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांतलं, जेव्हा आमच्या गावात पाणवठे वेगळे होते. आमच्या घरातही माठ वेगळा होता, हे मी इथं लिहून ठेवतो. आबा वाडीत कामाला लागल्यावर तो माठ हळूहळू कुठं गेला, हे आजीला आठवत नव्हतं, किंवा तिला सांगायचं नव्हतं.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड यायचं थांबलं, कोळसा मिळेना. तेव्हा लाकडी कोळशावर काम भागवलं आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या निकामी तोफा मिळवून त्या वितळवल्या. तोफांचे नांगर झाले. आमच्या तात्यांना पुढं आयुष्यभर वाटत राहिलं, की आपला नांगर त्याच तोफेचा. तसं धरलं तर आबांचं साल चुकतं, पण तात्या नांगराच्या फाळावर हात थापटून पाहुण्यांना सांगायचे, "हे पन्हाळगडाचं बीड हाय." कुणी हिशेब मांडून त्यांना खोटं पाडलं नाही.

आबा पोरवयात फाउंड्रीत लागले. पहिली दोन वर्षं वाळू चाळणं आणि साचे वाहणं. गाभ्याची वाळू बांधून धरायला काकवी घालत, आणि रस पडला की ती जळे. आबांच्या सदऱ्याला तो जळक्या काकवीचा वास कायम. गुऱ्हाळाच्या दिवसांत गावात तसला वास सुटला की आजी म्हणायची, "आलं बघा तुमचं आबा." डब्याला दोन भाकरी, म्हाद्या नाहीतर हुलग्याची उसळ, आणि ताकाचा तांब्या वेगळा. रसापुढं उभं राहणाऱ्याला ताक लागतंच. भोंगा झाला की सगळे झाडाखाली बसत आणि डबे मधोमध सारत. कुणाच्या डब्यातलं काय उचलायचं यावरून भांडणं होत. कुणाच्या हातचं खायचं नाही, यावरून होत नसत.

नांगरापाठोपाठ चरक, रहाट, शेंगा फोडायचं यंत्र, पंप असं एकेक निघत गेलं. त्याचं मी फार लांबवत नाही. सांगली-साताऱ्याच्या कुठल्याही जुन्या मळ्यात त्यातलं काहीतरी गंजलेलं का होईना सापडेल. मला सांगायचंय ते मासिकांबद्दल. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' काढलं. मालाची माहिती द्यायला म्हणून सुरू झालेलं ते पत्रक बघता बघता सगळ्या महाराष्ट्राचं मासिक झालं. मग १९३० मध्ये 'स्त्री', १९३४ मध्ये 'मनोहर'. नांगर जिथं घडत होते, त्या माळावरून मराठी घरांत विचार जात होते. याच शंकररावांनी पुढं काकांचं चरित्र लिहिलं, 'यांत्रिकाची यात्रा'.

आजी लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षरओळख जेमतेम. वाडीतल्या एका कारकुनाच्या बायकोकडं दुपारच्या बायका जमत, गहू निवडता निवडता ती माउली 'स्त्री'चा अंक मोठ्यानं वाची. आजी ऐकायला जायची. पुढं अंक घरी आणून अक्षर अक्षर लावायला लागली. बाईनं शिकावं, विधवेनं पुन्हा लग्न करावं, नवऱ्यानं बायकोला मारू नये, असलं सगळं छापलेलं! सासूला हे पसंत नव्हतं. आबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मालकांच्या घरचं हाय, वाईट कसं असंल?" त्या एका वाक्यावर आजी लिहायला-वाचायला शिकली. आमच्या घरातली पहिली मुलगी, माझी आत्या, मॅट्रिक झाली, त्याचं मूळ मी तिथंच धरतो.

घरच्या मुलांनाही लक्ष्मणरावांनी दूर धाडायला मागंपुढं पाहिलं नाही. मुलगा शंतनुराव आणि त्यांचा चुलतभाऊ माधव, दोघं १९२२ मध्ये अमेरिकेला गेले, एमआयटीत शिकायला. माधव क्षयानं गेले. १९२६ मध्ये शंतनुराव पदवी घेऊन वाडीला आले. आजी ही गोष्ट सांगताना पदर डोळ्याला लावायची, जशी काही स्वतःच्याच भावकीतली. "दोन धाडली, येक आलं," एवढंच म्हणायची.

मधल्या काळात लक्ष्मणराव बाळासाहेबांच्या आग्रहावरून काही वर्षं औंधचे दिवाण होते. पुढं १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर निघालं, १९४६ मध्ये पुण्यात इंजिनांचा कारखाना. आमच्या घरातूनही एक जण त्या वाटेनं गेला. आबांचे धाकटे भाऊ हरिहरला लागले, तिकडंच स्थायिक झाले. मुलं कानडी बोलायला लागली. दिवाळीला आले की आजी त्यांना मुद्दाम शाळूची भाकरी वाढायची आणि ती पोरं रागी मागायची.

१९४८ बद्दल आबा बोलत नसत. गांधीजींचा खून झाला, मारणारा ब्राह्मण निघाला, आणि आमच्या भागात ब्राह्मणांची घरं पेटली. वाडीवर जमाव गेला, कारखाना जाळला. धूर आमच्या गावातून दिसत होता, असं आजी म्हणायची. जमावात आसपासच्या गावचीच माणसं होती. ज्यांच्या रानात वाडीचा नांगर चालत होता, अशीही काही असणार. ज्या सावलीत डबे मधोमध सारले, तिथून हाकेच्या अंतरावर हे घडलं. मी मोठा झाल्यावर एकदा नेटानं विचारलं, तर आबा उठून गोठ्यात गेले. पुढं कारखाना पुन्हा उभा राहिला आणि आबा पुन्हा त्याच भट्टीपुढं गेले, एवढं त्यांच्याकडून कळलं. त्या दिवसांची लाज आमच्या भागानं अजून पुरती बोलून दाखवलेली नाही, असं मला वाटतं.

लक्ष्मणराव गेले २६ सप्टेंबर १९५६ ला, पुण्यात. मॉडेल कॉलनीतला त्यांच्या आद्याक्षरांचा 'लकाकि' बंगला आणि त्याच नावाचा रस्ता पुणेकरांना माहीत आहे. वाडीत ती बातमी आली त्या दिवशी आबा घरी येऊन अंघोळ करून बसले. आजीनं विचारलं, सुतक आहे का आपल्याला? आबा म्हणाले, "नसंल. पर जेवू वाटंना." मग आजीनंही चूल पेटवली नाही. शेजारणीनं कण्या आणून दिल्या त्या पोरांनी खाल्ल्या.

१९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला पोस्टाचं तिकीट निघालं. आत्या तेव्हा शाळेत शिकवायची. तिनं चार तिकिटं आणली आणि आबांपुढं ठेवली. एक चौकटीत लावू म्हणाली. आबांनी चष्मा लावून तिकीट पुष्कळ वेळ बघितलं. मग म्हणाले, चौकट नको, हरिहरच्या पत्राला लाव. त्या दिवशी पत्र आजीनंच लिहिलं, तिच्या त्या टपोऱ्या 'स्त्री' वाचून शिकलेल्या अक्षरात. की शेंगांचं पोतं रेल्वेनं पाठवलंय, मोटारस्टँडवर नको, स्टेशनावर माणूस पाठवा, धाकटीच्या बाळंतपणाला मी येते आहे, आणि जाऊबाईंना सांगा, डिंक मी आणते, तिकडचा घेऊ नका.